अंडं पोचतं

पडद्यावर विमान पोट उघडून पडलं होतं,
निळे चौकोन, करडे चौकोन.
दोन निळे शेजारी-शेजारी हवे असतील
तर माणशी अडतीस झ्वॉटी.

मी बर्गनहून फोन लावला,
पाळी नुकती सुटलेली, बोटांना माशांचा वास.
बाबा म्हणाले, कशाचे पैसे?
म्हटलं, आईशेजारी बसायचे.

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला,
एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत कमावलेला.
मग म्हणाले, सबीना,
तुझ्या आईशी लग्न लावलं तेव्हा
नोंदणीच्या बाईला मी एक लाल कार्नेशन दिलं होतं.
तेवढ्यात भागलं.
आता त्याच बायकोशेजारी बसायला भाडं?
दमडी देणार नाही.

म्हणून यंत्रानं त्यांची फारकत केली.
ट्रूडा: सहावी रांग, एफ, खिडकी.
एवाल्ड: सत्तावीस बी,
दोन परक्या खांद्यांच्या मधोमध,
संडासाच्या दारापासून हातभर.

डबा मात्र आईच्या पिशवीत राहिला.
आणि बाबांना साडेअकराला उकडलेलं अंडं लागतं.
खाण बंद झाली, भोंगा भंगारात गेला,
भूक अजून पाळीवर हजर होते.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.
आई म्हणते, तिनं अंडं नीट सोललं,
कागदी रुमालात गुंडाळलं आणि मागच्या पोराला दिलं:
सत्तावीस बी, टक्कल, निळा स्वेटर, रागावलेला.
बाबा म्हणतात, सोललेलं नव्हतं,
आणि मुळात मागितलं कुणी होतं?

मधल्या वीस रांगांबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.
बोटं भाजलेल्या वेल्डरांनी ते पुढे दिलं,
लांब जांभळ्या नखांनी ते चिमटीत धरलं,
एका पाद्र्यानं म्हणे त्यावर हलकेच फुंकर घातली,
एका झोपलेल्याला त्यासाठी उठवावं लागलं
आणि त्याला वाटलं, विमान उतरलं.
अठराव्या रांगेत पट्ट्यांचा दिवा लागला, हवा खळबळली,
तेव्हा कुणा बाईनं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत
धरून ठेवलं, दिवा विझेपर्यंत.

मीठ विसरलं होतं.
मीठ मागाहून निघालं, पुडीतून,
आणि पोचेपर्यंत अर्धं विमान बोटं चाटत होतं.

दहा दिवस राहिले. नॉर्वेच्या पावाला नावं ठेवली,
माझ्या नळाची गळती काढली.
परतीचं मी त्यांना न विचारता भरलं.
बारा ए, बारा बी.
म्हटलं, नशीब बघा, शेजारी मिळाल्या.

बाबांनी टेबलावर थाप मारली.
सांगत नव्हतो? दम धरला की फुकट मिळतं!
हे त्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाईला सांगितलं,
बसच्या ड्रायव्हरला सांगितलं,
ज्याला पोलिश येत नव्हतं,
आणि तपासणीच्या रांगेत पट्टा काढता काढता
पुढच्या माणसाला सांगत होते,

तेव्हा आईनं मला जवळ घेतलं
आणि माझ्या खिशात चार घड्यांची नोट सरकवली. शंभराची.
वरचे राहू देत, म्हणाली.
मी काही बोलणार, तर मान हलवली.

खिडकीत तोच बसणार, नेहमी बसतो,
आणि पाचव्या मिनिटाला घोरतो.
येताना ढग संपले ना,
तेव्हा खाली नुसता बर्फ होता, मग पाणी,
मग बर्फाच्या आत पाणी,
आणि शेजारून कुणी सांगत नव्हतं
काय बघायचं ते.

पुढच्या खेपेला मला खिडकी घे, सबीना.
त्याला कुठेही बसव.
अंडं पोचतं.